२४ जानेवारीपासून बालवाडी सुरू करताना

प्रश्न : बालवाडीताई, अमळनेर (जानेवारी २०२२)

सप्रेम नमस्कार. अमळनेरमध्ये भाड्याच्या घरात माझी लहानशी बालवाडी आहे. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे लागलेले कुलूप अजून निघालेले नाही. मधल्या काळात आम्ही दोघी शिक्षिका व्हॉट्सॲपवर गाणी-गोष्टी पाठवत राहिलो; परंतु ज्या घरात एकच मोबाइल आणि तोही दिवसभर वडिलांबरोबर बाजार समितीत, तिथे ती गोष्ट उघडली जाईपर्यंत मूल झोपी गेलेले असे. आता २४ तारखेपासून पूर्वप्राथमिक वर्गांनाही राज्य शासनाने परवानगी दिली आहे, अंतिम निर्णय मात्र स्थानिक प्रशासनाचा आहे. आमची खोली एक, खिडक्या दोन. बहुतेक मुलांनी शाळा पाहिलेलीच नाही, आणि जूनमध्ये पहिलीत जायचे म्हणून मुळाक्षरे व शंभरपर्यंत अंक पूर्ण करून द्या, अशी पालकांची मागणी आहे. सुरुवात कशी करावी, आणि थकलेल्या फीचा विषय आत्ताच काढावा का?

उत्तर : तापीकाठ, चोपडा

ताई, खोलीचा विचार शेवटी करा. हा आजार बंद हवेत अधिक पसरतो, त्यामुळे फरशी तीनतीनदा पुसण्यापेक्षा मुलांना उघड्यावर बसवणे केव्हाही चांगले. दिवाळीनंतर आम्ही गल्लीतल्या ओट्यांवर पाच-सहा मुलांचे गट बसवले, गट ठरलेला आणि शिक्षिकाही ठरलेली, म्हणजे कुणाला ताप आला तरी तेवढाच गट घरी राहतो. आपल्याकडे जानेवारीत सकाळी गारठा असतो, तेव्हा ऊन अंगणात उतरल्यावरच बोलवा. मार्च लागला की मात्र वेळ अलीकडे घ्यावी लागेल. मास्कची सक्ती करू नका. पाच वर्षांखालील मुलांसाठी मास्कची शिफारस नाही, असे केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने जून २०२१ मध्येच सांगितले आहे. शिवाय शेजारणीच्या मास्कवर हत्ती दिसला की मुले मास्क बदलून घेतात, हे आम्ही रोज पाहिले. मास्क मोठ्यांनी लावावा.

उत्तर : एक पालक, जळगाव

फीबाबत स्पष्ट लिहितो. बंद काळाची पूर्ण फी मागणे मला मान्य नाही. केंद्राच्या ऑनलाइन शिक्षणाविषयीच्या ‘प्रज्ञाता’ सूचनांनुसार पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला फार तर तीस मिनिटे, तीही पालकांशी संवाद साधण्यासाठी होती. तेवढ्यावर शाळा चालली, असे म्हणता येत नाही. तरीही खासगी बालवाडीला अनुदान नसते आणि घरमालक भाडे सोडत नाही, हेही आम्हाला कळते. भाडे, वीज आणि मानधन यांचा हिशेब एका कागदावर लिहून दाराशी लावा, मग ज्याला जेवढे झेपेल तेवढे तो देईल. आमच्या गल्लीत फीची नुसती आठवण करून देणाऱ्या निरोपांमुळेच मने दुखावली.

उत्तर : निवृत्त मुख्यसेविका (अंगणवाडी पर्यवेक्षिका), शहादा

मला काळजी वाटते ती अक्षरांच्या घाईची. ज्या मुलाने दोन वर्षे चार भिंतींत काढली, त्याला आधी आईचा पदर सोडून दुसऱ्या मुलाशेजारी बसता यायला हवे. त्यासाठी पहिले काही दिवस आईलाही अंगणात बसू द्या. लिहिण्यापूर्वी बोटांत बळ यावे लागते. चिंचोके वेचणे, शेंगा सोलणे, ओल्या मातीचे बैल करणे, ही सगळी पाटीच्या आधीची तयारी आहे. चिंचोके नाकात घालणारा एखादा महाभाग प्रत्येक गटात असतोच, तेव्हा लक्ष ठेवावे लागते. अंगणवाडीच्या ‘आकार’ अभ्यासक्रमातही भर खेळ आणि भाषेवरच आहे, तो जवळच्या सेविकेकडून पाहायला घ्या. आणि घरी जी अहिराणी बोलली जाते, तिच्यातच गप्पा सुरू करा. मूल लवकर मोकळे होते. पालकांना हेही सांगा की, शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची परीक्षा घेता येत नाही, त्यामुळे मुळाक्षरे आली नाहीत म्हणून पहिलीचा प्रवेश अडत नाही.

बालवाडीताई, अमळनेर

सर्वांचे आभार. घरमालकांच्या अंगणात निंबाची सावली आहे, पण तिथे सध्या त्यांचा कापूस पडलेला आहे; तो हलवण्याविषयी उद्याच बोलते. हिशेब लावण्याची सूचना पटली. मात्र माझ्या सहकारी शिक्षिकेचे मानधन इतके तुटपुंजे आहे की, तो आकडा चारचौघांत लावावा की नाही, हे तिला विचारूनच ठरवीन.