मदत हवी आहे: लाइट गेली की फायबरचा डबा रीस्टार्ट होतो

घरून लेखनाचं काम, गाव तालुक्याचं, दुपारची लाइट जातेच. इन्व्हर्टर 'यूपीएस' मोडवर आहे, पंखा थांबतही नाही, पण ओएनटी (फायबरचा डबा) रीस्टार्ट होतो आणि नेट यायला तीन-चार मिनिटं लागतात. मजकूर पाठवायची वेळ नेमकी तीच.

ओएनटी १२ व्होल्ट, १.५ अँपिअरचा, वायफाय राउटर ९ व्होल्ट, ०.६ अँपिअरचा. छोटा डीसी यूपीएस (या डब्यांना थेट बॅटरीवरून सप्लाय देणारा) घ्यायचाय. आत तीन लिथियम सेल सीरीजमध्ये असले तर फुल चार्जला १२.६ व्होल्ट, उतरताना १०च्या खाली. आउटपुटला रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा) नसेल तर ओएनटी मध्येच बंद पडणार. दुतोंडी वायरने दोन्ही चालवा म्हणतात, पण ९च्या राउटरला सरळ १२ देणं मला अजिबात पटत नाही.

राउटरसाठी मध्ये एलएम२५९६चं (व्होल्टेज उतरवणारं) मॉड्यूल ९ व्होल्टवर सेट करून कुणी कायम चालवलंय का? गरम किती होतं? की १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी बरी? ती चार्जिंगला १३.८ वर जाते, ते ओएनटीला सोसेल का?

मॉडेल सुचवताना पिन २.१ की २.५ मिमी तेही सांगा. २.१च्या सॉकेटमध्ये २.५ची पिन ढिली बसते, धक्का लागला की सप्लाय तुटतो.