लहानपणी केमो झाली असेल तर टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) किती वर्षांनी?

प्रश्न: ल्युकेमियाचे (रक्ताच्या कॅन्सरचे) उपचार सहाव्या वर्षी संपले, आता वय सतरा. केमोत डॉक्सोरुबिसिन, डॉनोरुबिसिन ही हृदयाला इजा करू शकणारी औषधं होती. तीन वर्षांपूर्वीचा इको नॉर्मल, धाप वगैरे काही नाही. तरी इको करत राहायचा का?

उत्तर १: हो. या औषधांनी मेलेल्या हृदयाच्या स्नायूपेशी जवळजवळ नव्याने तयार होत नाहीत. मूल वाढतं, पण कमी उरलेल्या पेशींवरच सगळा भार, म्हणून दुखणं दहा-वीस वर्षांनीही वर येतं. किती वर्षांनी तपासायचं ते एकूण डोसवर. जुन्या फाइलमधून प्रत्येक डोस मिग्रॅ प्रति चौरस मीटरमध्ये (शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशोबाने) काढा. डॉनोरुबिसिनचा आकडा साधारण निम्मा धरा. उदा. डॉक्सो 25 चे 3 डोस म्हणजे 75, डॉनो 30 चे 4 म्हणजे 120, त्याचे 60. बेरीज 135. 250 किंवा वर असेल तर दर 2 वर्षांनी इको, 100 ते 250 मध्ये दर 5 वर्षांनी. छातीवर 15 ग्रे (रेडिएशनचं माप) किंवा जास्त रेडिएशनही झालं असेल, तर 100 पासूनच 2 वर्षांचा नियम. फाइलमध्ये मायटोझँट्रोन हे औषध दिसलं तर त्याचा आकडा सुमारे दहापट धरा, इथेच लोक चुकतात.

उत्तर २: ‘नॉर्मल’ शब्दावर जाऊ नका, ईएफचा (हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं त्याचा) आकडा बघा. 62 चा 55 झाला तर तो कोणत्या पद्धतीने मोजला ते आधी विचारा. माणूस किंवा पद्धत बदलली की इतका फरक नुसत्या मोजण्यातूनही येतो. शक्यतो त्याच ठिकाणी करा, सोबत स्ट्रेन (हृदयाचा स्नायू किती टक्के आखडतो ते माप) मागा. तो उणे असतो: उणे 20 चांगला, उणे 15 म्हणजे कमी झाला. रिपोर्ट वाचताना हमखास उलटं समजतं.

प्रश्नकर्ता: बेरीज 150 आली, रेडिएशन नाही. जिम चालेल?

उत्तर १: मग दर 5 वर्षांचा नियम. मागचा इको तीन वर्षांपूर्वीचा, म्हणून पुढचा आतापासून दोन वर्षांनी. धाप, पायांना सूज, धडधड असं काही झालं तर मात्र लगेच.

उत्तर ३: चालणं, पोहणं, सायकल बिनधास्त. जड वजन श्वास रोखून उचललं की रक्तदाब एकदम चढतो, ते आधी कार्डिओलॉजिस्टला विचारून. बीपी दरवर्षी मोजा. केमोनंतर वाढलेलं बीपी हृदयाला नुसत्या केमोपेक्षा फार महागात पडतं. मुलगी असेल तर पुढे गरोदरपणाआधी किंवा पहिल्या तिमाहीत इको, मागचा कितीही ताजा नॉर्मल असला तरी. आणि कुठलंही ऑपरेशन ठरलं की भूलतज्ज्ञाला तो 150 चा आकडा आपणहून सांगा, ते दरवेळी विचारतीलच असं नाही.