मदत हवी आहे: एचओ मॉडेल रेल्वे लेआउटच्या चढावर वाय६बी हे वाफेचं इंजिन जागीच घसरतं, वाघिणी कलंडतात (अमेरिकेची नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वे, १९५३)

कोळसागाडी
एचओ (१:८७), ८×४ फूट, १२ मिमी प्लाय, मुक्काम पुणे. कोड ८३ चे फ्लेक्स (वाकवता येणारे) रूळ, डीसीसी (इंजिनाचं डिजिटल नियंत्रण). दोन फेऱ्यांचा मार्ग आहे: बाहेरच्या वळणाची त्रिज्या २२ इंच, आतल्याची १९.५. बाहेरच्या फेरीच्या मागच्या अर्ध्या भागात, साधारण ११७ इंचांत, रूळ ३.५ इंच चढून पुलावरून स्वतःलाच ओलांडतो. पुढचा अर्धा भाग सपाट ठेवलाय, कारण तिथे खाणीची सायडिंग (बाजूचा रूळ) आहे.

गाडी: एक वाय६बी आणि दोन हॉपरांच्या (कोळसा खाली ओतणाऱ्या नरसाळ्यांच्या) १२ वाघिणी. त्यातल्या ८ भरलेल्या (प्रत्येकी १४० ग्रॅम), ४ रिकाम्या (५५ ग्रॅम). सपाटीवर काहीच त्रास नाही. चढावर वळणाच्या मध्यावर पोचल्यावर गाडी थांबते, किंवा इंजिनामागची दुसरी-तिसरी वाघीण आतल्या बाजूला कलंडते. रिकाम्या चारही पुढे लावलेल्या आहेत.

दुसरा प्रश्न: काळ १९५३ धरलाय. सोबत नॉरफोक अँड वेस्टर्नचं जीपी९ डिझेल इंजिन चालेल का?

सांधेवाला
आधी एक सांगा. गाडी थांबते तेव्हा इंजिनाची चाकं फिरत राहतात का?

कोळसागाडी
हो, जागच्या जागी फिरतात. आवाज आणि दिवे चालू राहतात.

सांधेवाला
मग वीजपुरवठा ठीक आहे, फीडर (रुळाला वीज देणाऱ्या तारा) उकरत बसू नका. अडचण ओढीची आहे.

११७ इंचांत ३.५ इंच म्हणजे ३ टक्के चढ. पण वळणावर चाकं रुळाला घासतात, तो वेगळा भार. एचओसाठी ढोबळ हिशेब असा: ३२ ला त्रिज्येने (इंचांत) भागा, येईल तेवढे टक्के चढ आणखी धरा. २२ इंचांना जवळपास १.४५ येतात, म्हणजे इंजिनाला वाटणारा चढ ४.४५ टक्के. १२ वाघिणींची लांबी साधारण ६० इंच आणि तुमचं अर्धवर्तुळ ६९ इंचांचं, त्यामुळे अख्खी गाडी एकाच वेळी वळणात असते. मध्यावरच अडकण्याचं कारण तेच.

व्हर्जिनियातल्या रोनोकच्या पूर्वेचा ब्लू रिजचा खरा चढ १.२ टक्के होता, आणि तिथेही कोळशाच्या गाड्यांना मागून दुसरं वाय६ लावून ढकलावं लागे. तुमचं एकटं इंजिन त्याच्या साडेतीन पटींहून जास्त चढावर ओढतंय.

आता वजनं. एनएमआरएची (अमेरिकेतली मॉडेल रेल्वे संघटना) शिफारस: १ औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. ३४ फुटी हॉपर एचओत ४.७ इंच भरते, म्हणजे सुमारे ३.३५ औंस किंवा ९५ ग्रॅम. तुमच्या भरलेल्या फार जड आहेत, रिकाम्या फारच हलक्या. चढावर सगळ्यात जास्त ताण इंजिनामागच्या पहिल्या वाघिणींवर येतो. तिथेच ५५ ग्रॅमच्या लावल्यात, मग ताणलेली गाडी दोरीसारखी सरळ होऊ पाहते आणि हलकी वाघीण आत ओढली जाते. बाराही ९५ ग्रॅमवर आणा. भरलेल्यांमधला ठोस कोळसा काढून फोमच्या तुकड्यावर कोळशाचा पातळ थर चिकटवा. रिकाम्यांमध्ये शिशाच्या पट्ट्या खाली, उतरत्या तळाच्या मागे लपवा. वजन वर गेलं की वाघीण पुन्हा कलंडेल.

बोगीचे स्क्रूही बघा. एका बोगीचा स्क्रू इतकाच आवळा की ती फक्त फिरेल, दुसरीचा थोडा सैल, म्हणजे ती बाजूलाही डुलेल. दोन्ही घट्ट असल्या की प्लायच्या प्रत्येक उंचवट्यावर एक चाक अधांतरी राहतं.

वाफारा
जीपी९ चं उत्तर: १९५३ मध्ये नाही, कोणत्याच रेल्वेवर नाही. ईएमडी या इंजिन बनवणाऱ्या कंपनीने ते १९५४ मध्ये बाजारात आणलं. त्यात नॉरफोक अँड वेस्टर्न वाफेला चिकटून राहिलेली मोठी कंपनी. त्यांच्या रोनोक कारखान्यातून शेवटचं वाय६बी १९५२ मध्ये निघालं, आणि डिसेंबर १९५३ मध्येही ते शंटिंगसाठी ०-८-० (फक्त आठ चालक चाकांचं) वाफेचं इंजिन (क्रमांक २४४) नवं बांधत होते. त्यांच्याकडे डिझेल आलं १९५५ मध्ये.

वर्ष १९५७ करा. वाय६बी, ‘जे’ वर्गाचं वाफेचं इंजिन आणि जीपी९ तिन्ही एकत्र शोभतील. वाफ १९६० पर्यंत होती. जीपी९ चं लांब हूड (यंत्र झाकणारा भाग) पुढे ठेवा, ही कंपनी तशीच चालवत असे. खाणींच्या मुलखात एल्कहॉर्नचा नवा बोगदा १९५० मध्ये सुरू झाला आणि तिथलं विद्युतीकरण संपलं, त्यामुळे १९५७ च्या दृश्यात विजेच्या तारा नकोत. व्हर्जिनियन रेल्वे या कंपनीत विलीन झाली १ डिसेंबर १९५९ ला. तिच्या वाघिणी ठेवा, पण पाहुण्या म्हणून.

वाघिणींवरच्या खुणा भिंगाखाली तपासा. रंगीत पट्ट्यांची एसीआय (डबा यंत्राने ओळखण्याची) पाटी १९६७ नंतरची, पिवळ्या ठिपक्याचं चाक-तपासणीचं चिन्ह १९७८ चं. दोन्ही पुसा. बंद डब्यांच्या छतावरच्या चालण्याच्या फळ्या मात्र हव्यातच. मॉडेलवाल्यांकडून ही चूक वारंवार होते, तयार डबा सुंदर दिसतो म्हणून कोणी तारीख वाचत नाही.

कोळसागाडी
१९५७ पक्कं. वजनं सारखी केली: आता वाघिणी कलंडत नाहीत, पण इंजिन अजूनही घसरतं. चढ कमी करायचा तर सायडिंग कुठे न्यायची?

सांधेवाला
कुठेच नाही. चढ अर्ध्या फेरीत कोंबू नका, बाहेरच्या पूर्ण फेरीत पसरवा. फेरी २३४ इंचांची आहे. वर-खालची वक्रता धरून २२० मोजा: ३.५ भागिले २२० म्हणजे १.६ टक्के. वळण धरून ३.०५. तुमच्या १,१४० ग्रॅमच्या गाडीला चढ आणि वळण मिळून ५१ ऐवजी ३५ ग्रॅमची ओढ लागेल.

चढाच्या सुरुवातीला आणि शेवटी १२-१२ इंचांत उतार हळूहळू बदला, नाहीतर कपलर (डबे जोडणारे आकडे) वर-खाली होऊन सुटतील. प्लाय रुळाच्या कडेने कापून उचलली की ही वक्रता आपोआप मिळते. थर्माकोलचे तुकडे रचून ती येत नाही.

सायडिंगचा सांधा (जिथे गाडी रूळ बदलते) चढावर चालतो, फक्त जिथे उतार एकसारखा आहे तिथे बसवा, वक्रतेवर नको. सांध्यानंतर १२ इंचांत सायडिंग सपाट करा. धातूच्या टोकदार अ‍ॅक्सलवर वाघीण १.६ टक्क्यांच्या उतारावर स्वतःच पळते.

फ्लेक्स आहेच, तर वळणाच्या दोन्ही टोकांना अर्धा इंच बाजूला सरकवून १२ ते १५ इंचांचं संक्रमण (हळूहळू आवळत जाणारं वळण) द्या. टेंडरच्या (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याच्या) मागे केडी १४६ हा लांब दांड्याचा कपलर लावा, म्हणजे वळणात त्याला पुरेसं झुकता येईल.

आणि पुलाचे खांब चिकटवण्याआधी वाय६बीच्या बॉयलरच्या पुढच्या टोकाला पेन्सिल बांधून दोन्ही फेऱ्या सावकाश फिरवा. दोन रुळांत जेमतेम २.५ इंचांचं अंतर आहे. रेघेच्या आत काहीही ठेवू नका. पावसाळ्यात प्लाय फुगते, म्हणून ही तपासणी जुलैत पुन्हा करा, आणि वळणावर आडवी पातळी छोट्या स्पिरिट लेव्हलने पाहा.