दिव्यांग बंद्यांसाठी सुटकेच्या तारखेची वाट बघू नका

कारागृहातल्या समुपदेशकाने सुटकेच्या दोन-तीन महिने आधी काम सुरू करावं, असं सुचवलं जातं. हा मुद्दा शिक्षा झालेल्यांपुरता ठीक आहे. पण येरवड्यासारख्या कारागृहात मोठा भरणा कच्च्या, म्हणजे खटला अजून चालू असलेल्या कैद्यांचा, त्यांना तारीख कुठे माहीत असते? जामीन झाला की माणूस संध्याकाळी फाटकाबाहेर, आणि फिट्सच्या गोळ्या आतच. त्या गोळ्या अशा एकदम तुटल्या तर झटके जोरात उलटतात, जिवावर बेततं. म्हणून औषधांची चिठ्ठी फाइलला पहिल्या आठवड्यापासून हवी. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचा अर्जही आत असतानाच टाकावा. त्याच्या तपासणीला सरकारी रुग्णालयात न्यावं लागतं, पोलीस गार्ड मिळाला नाही की तारीख हुकते. सगळ्या तपासण्या शक्यतो एकाच दिवशी मागून घ्या.

बौद्धिक अक्षमता असलेल्याला “समजलं का?” असं कधीच विचारू नका. बराकीत हसं होऊ नये म्हणून तो हो म्हणणारच. “उद्या कोर्टात काय आहे, तू मला सांग,” असं विचारा.

श्रवणयंत्राचा प्रश्न तर सहसा कुणी काढतच नाही. त्याच्या बटन सेलवरचा रंगीत स्टिकर निघाला की हवा लागून सेल चालू होतो, मग यंत्र बंद ठेवलं तरी उतरत जातो. झडतीत सगळे स्टिकर निघाले तर अख्खं पाकीट वाया. पाकीट कारागृहाच्या दवाखान्यात ठेवावं आणि जुना सेल परत घेऊनच नवा द्यावा.