खंबाटकी घाटात गाडी तापली : दोष कुठे शोधावा आणि रोडसाइड असिस्टन्सच्या अटी कशा वाचाव्यात?

सातारची लेक :

नमस्कार. मे महिन्यातल्या एका शनिवारी आई-बाबांना घेऊन पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात आमची गाडी तापून बंद पडली. गाडी पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक असून नऊ वर्षे जुनी आहे आणि ९२,००० किलोमीटर चालली आहे. शिरवळपर्यंत तापमानाचा काटा नेहमीच्या जागी होता. सातारा जिल्ह्यातले खंडाळा ओलांडून चढ लागला तेव्हा पुढे एक ट्रक बंद पडल्यामुळे रांग लागली होती, आणि एसी चालू ठेवून पहिल्या गिअरमध्ये इंचाइंचाने पुढे सरकताना काटा वर चढू लागला. रांग मोकळी होऊन गाडी थोडी पळाली की तो खाली येई आणि थांबलो की पुन्हा चढे. तिसऱ्या वेळी तो लाल पट्ट्याला टेकला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ निघू लागली, म्हणून मी गाडी डोंगराच्या बाजूला घेऊन बंद केली. थोड्या वेळाने काटा उतरला का हे पाहण्यासाठी चावी फिरवली, तेव्हा काटा तिथेच होता आणि वाफेच्या फसफसण्याखेरीज बॉनेटखालून कसलाही आवाज येत नव्हता.

विम्यासोबत रोडसाइड असिस्टन्सचे (रस्त्यात गाडी बंद पडल्यास मिळणाऱ्या मदतीचे) ॲड-ऑन, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडलेली जादा सुविधा, घेतलेले असल्याने बारा वाजून दहा मिनिटांनी फोन केला. पाऊण तासात मदत येईल असे सांगण्यात आले, परंतु टोइंगची गाडी पोहोचली तेव्हा पावणेतीन वाजले होते. बाबांचे वय ७४ आहे आणि त्या उन्हात त्यांना कठड्याच्या सावलीत बसवून ठेवावे लागले. गाडी पुण्यातल्या आमच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये न्यावी अशी माझी विनंती होती. ती नाकारून, करारानुसार सर्वांत जवळच्या अधिकृत वर्कशॉपपर्यंतच नेता येईल असे सांगण्यात आले, आणि गाडी साताऱ्याला गेली. तेथील वर्कशॉपने रेडिएटर बदलण्याचा सल्ला दिला आहे. रेडिएटर खरोखरच बदलावा लागेल का, आणि मदत देणाऱ्यांचे म्हणणे योग्य होते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

गॅरेजवाला :

ताई, तुम्ही गाडी वेळेवर बंद केलीत, हे फार चांगले केलेत. घाट संपेपर्यंत रेटत नेली असती तर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचे सिलिंडर हेड यांच्यामधली सील) जाण्याची आणि सिलिंडर हेड वाकण्याची पुरेपूर शक्यता होती.

रेडिएटरला हात लावण्यापूर्वी त्यामागचा पंखा तपासून घ्या. काटा केव्हा चढतो यावरून दोषाचा बराचसा माग लागतो. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, बंद अवस्थेत अडकला असेल, तर गाडी पळत असो वा थांबलेली असो, काटा चढतच राहतो. रेडिएटर आतून गाळाने भरला असेल, तर वेगात किंवा चढावर जोर लावताना गाडी तापते. तुमचा काटा मात्र थांबल्यावर चढत होता आणि पळाल्यावर उतरत होता, म्हणजे समोरून वारा मिळाला की रेडिएटर आपले काम नीट करत होता. वारा नसताना ती जबाबदारी पंख्याची असते. इतक्या तापलेल्या गाडीची चावी चालू केल्यावर पंख्याचा घरघराट यायला हवा होता, आणि तो आला नाही असे तुम्हीच लिहिले आहे. आधी फ्यूज, मग रिले (पंख्याला वीज जोडणारा स्वयंचलित स्विच), मग मोटर, या क्रमाने तपासायला सांगा. रिले काही शे रुपयांत मिळतो.

दुसरी शंका रेडिएटरच्या झाकणाची आहे. कूलंटच्या यंत्रणेत सुमारे एक बार दाब धरून ठेवला जातो, त्यामुळे पाणी आणि कूलंट यांचे निम्मे-निम्मे मिश्रण १२० अंश सेल्सिअसच्या पुढेही उकळत नाही. झाकणातील रबराला चीर गेली की दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळू लागते. झाकणाच्या कडेला किंवा होस पाइपच्या क्लिपपाशी वाळलेल्या कूलंटचा पांढरट-हिरवा थर दिसतो का, ते बॅटरीच्या उजेडात पाहा. रेडिएटर गळतो आहे असे वर्कशॉप म्हणत असेल, तर तुमच्यासमोर हाताच्या पंपाने दाब देऊन गळती दाखवण्याचा आग्रह धरा.

इंजिन ऑइलच्या झाकणाखाली साय घातलेल्या कॉफीसारखा फेस दिसतो का, हेही बघून घ्या. तसा फेस लागला असेल आणि कूलंटही आपोआप कमी होत असेल, तर गॅस्केटमधून कूलंट तेलात उतरत असण्याची शक्यता असते आणि मग काम मोठे आहे.

पुन्हा कधी काटा चढू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण जोरात लावा. मे महिन्यात हे अंगावर येते, पण इंजिनची बरीच उष्णता त्या वाटेने बाहेर पडते आणि थांबायला सुरक्षित जागा मिळेपर्यंत तेवढा आधार पुरतो. रेडिएटरचे झाकण निदान पाऊण तास उघडू नका. दाबाखालचे कूलंट उसळून हात आणि तोंड भाजलेली माणसे मी पाहिली आहेत, म्हणून हे कळकळीने सांगतो. तापलेल्या इंजिनवर गार पाणीही ओतू नका, त्याने हेडला तडा जाऊ शकतो.

विमा सर्वेक्षक :

आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. ‘जवळच्या अधिकृत वर्कशॉपपर्यंत’ ही अट बहुतेक ॲड-ऑनमध्ये असते, त्यामुळे गाडी पुण्याला नेण्यास दिलेला नकार करारात बसणारा असावा. पॉलिसीसोबतच्या पुस्तिकेत किती किलोमीटर टोइंग विनाशुल्क आहे, ते अंतर कुठून मोजतात आणि वर्षातून किती वेळा मदत मिळते, हे तीन मुद्दे शोधून वाचा. मदतीची सेवा मोफत असली तरी सुट्या भागांचा खर्च बहुधा गाडीमालकाकडेच असतो.

अनेकांचा असा समज असतो की पूर्ण विमा आहे म्हणजे टोइंगही त्यात आलेच. खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत गाडी हलवण्याचा खर्च अपघातानंतरच आणि १,५०० रुपयांपर्यंतच मिळतो. यांत्रिक बिघाड त्या पॉलिसीतून स्पष्टपणे वगळलेला आहे, त्यामुळे तापलेली गाडी पुढे दामटून इंजिन गेले तर त्याचा दावा मंजूर होत नाही.

विलंबाची तक्रार मात्र आपण अवश्य करावी. पाऊण तासाचे आश्वासन देऊन अडीच तासांहून अधिक वेळ लावणे, तेही सोबत ज्येष्ठ नागरिक असताना, ही सेवेतील त्रुटी आहे. फोनच्या नोंदी आणि आलेले मेसेज जपून ठेवून प्रथम विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. महिनाभरात समाधानकारक उत्तर न मिळाल्यास पुण्यातील विमा लोकपालांकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाता येते. ज्यांनी विम्याबाहेर एखाद्या खासगी कंपनीचे वार्षिक सदस्यत्व घेतले आहे, त्यांच्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

घाटातला प्रवासी :

राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक लावायचा, मग ॲड-ऑन असो वा नसो. महामार्गाचे गस्तीपथक किंवा क्रेन येऊन गाडी निदान सुरक्षित जागी हलवून देते, आणि मग कंपनीच्या टोइंगची वाट घाटाबाहेर पाहता येते. दोन्ही फोन लागोपाठ करावेत, असे मी अनुभवाने सांगतो. घाटात वळणावर गाडी थांबली असेल तर त्रिकोणी फलक वळणाच्या अलीकडे, मागून येणाऱ्याला आधीच दिसेल असा ठेवावा, आणि कोणीही गाडीत बसून राहू नये. आजी-आजोबा सोबत असतील तर पिण्याच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन आम्ही नेहमी वेगळा ठेवतो. तो रेडिएटरसाठी वापरायचा नाही, असे घरात ठरलेले आहे.

सातारची लेक :

सर्वांचे मनापासून आभार. काल साताऱ्याला जाऊन वर्कशॉपमध्ये समोर उभी राहिले आणि आधी पंखा तपासायला सांगितला. फ्यूज शाबूत होता. रिले काढून दुसरा बसवताच पंखा सुरू झाला. जुन्या रिलेच्या एका पायाभोवतीचे प्लॅस्टिक वितळून तपकिरी झाले होते. झाकणाच्या रबरालाही नखाएवढी चीर होती. दाब देऊन पाहिले तेव्हा रेडिएटर कुठेही गळत नव्हता आणि ऑइलच्या झाकणाखाली फेस नव्हता. रिले, झाकण, नवे कूलंट आणि मजुरी मिळून २,८५० रुपये झाले, आणि रेडिएटर जुनाच राहिला. परतताना खंबाटकीच्या बोगद्यापाशी वीस मिनिटे रांगेत उभी होते. काटा मध्याच्या खालीच राहिला, आणि पंखा सुरू होऊन बंद झाल्याचा आवाज मी तीनदा कान देऊन ऐकला.

पुस्तिका वाचली. विनाशुल्क टोइंगची मर्यादा ५० किलोमीटर आहे आणि जवळच्या वर्कशॉपची अटही स्पष्ट लिहिलेली आहे, म्हणजे त्याबाबत माझी तक्रार राहिली नाही. उशिराबद्दल मात्र फोनच्या नोंदींसह ईमेल आजच पाठवला आहे.