घरापासून अंगणातल्या खोलीपर्यंत नेटवर्क केबल: साधी कॅट ६ पुरली तर चालेल का?

कौलारू (प्रश्न):
घरामागे अंगणाच्या टोकाला असलेली स्वतंत्र खोली मी कामासाठी वापरतो. वाय-फाय तिथवर पोहोचते, पण मधल्या दोन जाड भिंतींमुळे ते इतके क्षीण होते की ऑनलाइन बैठकीत आवाज तुटत राहतो. म्हणून केबलच टाकायची ठरवली आहे. मार्ग सुमारे ४० मीटरचा आहे. थोडा भाग घराच्या बाहेरच्या भिंतीवरून आणि उरलेला जमिनीखालून जाईल. घरातल्या वायरिंगमधून उरलेली साधी कॅट ६ केबल हाताशी आहे. ती पीव्हीसी पाइपमध्ये घालून पुरली तर टिकेल का? खोलीला वीज घरातल्याच पॅनेलवरून मिळते. शिवाय घराच्या बाहेरच्या भिंतीवर पीओईवर (म्हणजे नेटवर्क केबलमधूनच मिळणाऱ्या विजेवर) चालणारा एक कॅमेरा लावायचा आहे, त्यालाही हीच केबल वापरता येईल का?

चर_खणणारा:
अंतराची काळजी करू नका. तांब्याच्या इथरनेट केबलला १०० मीटरची मर्यादा असते आणि १ गिगाबिट वेगासाठी कॅट ५ई सुद्धा पुरते. अडचण आवरणाची आहे. घरातल्या केबलचे पीव्हीसी आवरण उन्हातील अतिनील किरणांनी कडक होते, मग वळणाच्या ठिकाणी त्याला बारीक तडे जातात आणि तिथून पाणी आत शिरते. बाहेरच्या केबलला काळे पॉलिइथिलीनचे आवरण असते. त्यातला कार्बन हे किरण अडवतो.

पाइपमध्ये घातली म्हणजे केबल कोरडी राहील, हा समज मात्र सोडावा. सांधे कितीही नीट चिकटवले तरी पुरलेल्या पाइपमध्ये आतल्या हवेतील बाष्प थंड होऊन पाणी साचतेच, त्यामुळे पाइप असला तरी आतली केबल जमिनीखाली वापरण्याजोगीच हवी. अशा केबलमध्ये जोड्यांभोवती जेल भरलेले असते किंवा पाणी शोषून फुगणारी पट्टी गुंडाळलेली असते. जेल हाताला, कपड्यांना आणि क्रिंपरला (कनेक्टर दाबून बसवण्याच्या पकडीला) असे चिकटते की सॉकेट जोडण्यापूर्वी प्रत्येक तार पुसून घ्यावी लागते, पण तो त्रास एकदाच होतो.

खरेदी करताना तार शुद्ध तांब्याची आहे ना, हे तपासा. ब्लेडने तारेचा पृष्ठभाग हलकेच खरवडावा. आत चंदेरी धातू दिसला, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार समजावी. तिचा विद्युत रोध जास्त असतो, त्यामुळे पीओईच्या कामात विद्युत दाब घटतो आणि केबल तापते. शिवाय ती वाकवताना लवकर तुटते. कॅमेऱ्यासाठी बाहेरची, शुद्ध तांब्याची केबल घ्यावी. उरलेली केबल घरातच वापरावी.

दुसरे_टोक:
आवरणाबद्दलचे वरचे म्हणणे मान्य आहे, परंतु माझ्या मते त्याआधी ठरवायची गोष्ट वेगळी आहे: दोन इमारतींच्या मधे धातूची तार हवीच कशाला? जवळपास वीज पडली की जमिनीच्या दोन ठिकाणच्या विद्युत दाबात क्षणभर मोठा फरक पडतो आणि लांब तारेतही दाब प्रवर्तित होतो. ती लाट केबलवाटे थेट नेटवर्क स्विचच्या पोर्टपर्यंत येते. इथरनेट पोर्टमधला ट्रान्सफॉर्मर साधारण १५०० व्होल्टपर्यंतचे विलगीकरण देतो, पण विजेच्या लाटेपुढे तेवढे पुरेलच असे नाही. फायबर, म्हणजे प्रकाशाने संदेश नेणारी केबल, काचेचे असल्याने त्यातून वीज वाहत नाही. त्यामुळे घर ते खोली हा टप्पा मी डोळे मिटून फायबरचा ठेवेन. फक्त त्याचे चिलखत किंवा ताण घेणारी तार धातूची नसावी, नाहीतर हेतूच फसतो.

चर_खणणारा:
खोलीची वीज त्याच पॅनेलवरून येत असेल, तर रोजच्या वापरात दोन्हीकडच्या अर्थिंगमधला फरक सहसा किरकोळ असतो. दोन्ही टोकांना अर्थिंगला जोडलेले सर्ज प्रोटेक्टर लावून तांब्याची केबल वापरणारे पुष्कळ जण आहेत. तरीही नवीन चर खणणार असाल तर फायबरच घ्या, हे मलाही पटते.

कौलारू:
आभारी आहे. फायबर घ्यायचे, हे ठरले. पण त्याची टोके जोडायला लागणारे यंत्र माझ्याजवळ नाही आणि विजेची केबल ज्या चरात आहे, तोच पुन्हा उकरण्याचा विचार होता.

दुसरे_टोक:
टोके जोडण्याची गरजच नाही. दोन्ही टोकांना कनेक्टर बसवलेली सिंगल-मोड फायबर केबल ठरावीक लांबीत तयार मिळते. मार्ग मोजून त्यावर काही मीटर जास्तीची घ्या आणि उरलेली मोठ्या वेटोळ्यात ठेवा. दोन्हीकडे मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबरमधला प्रकाश आणि तांब्याच्या केबलमधला संदेश यांची अदलाबदल करणारे डबे, लागतील. एकाच धाग्यावर दोन्ही दिशांनी चालणारे घेणार असाल तर ते जोडीनेच घ्यावेत: एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, तर दुसरा नेमका उलट. एकाच प्रकारचे दोन आणले तर लिंकचा दिवा लागत नाही. यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून चालू केबलच्या टोकात डोकावून पाहू नये.

पाइप निवडताना केबलची नव्हे, कनेक्टरची जाडी मोजा. काटकोनी एल्बो टाळून लांब वळणाचे बेंड वापरा आणि केबल ओढताना सोबत एक नायलॉनची दोरी आत राहू द्या; पुढे आणखी काही न्यायचे झाले तर चर उकरावा लागणार नाही. विजेची केबल त्याच चरात असण्याने फायबरच्या संदेशात व्यत्यय येत नाही, पण दोघांना एकाच पाइपमध्ये घालू नये. उकरण्याआधी खोलीची वीज पॅनेलवरूनच बंद करावी आणि त्या केबलजवळ कुदळ न चालवता हाताने माती काढावी.

चर_खणणारा:
कॅमेऱ्याच्या भिंतीबद्दल एक राहिले. भिंतीचे भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरते पाडा आणि केबल आत शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचे पाणी तिथूनच ठिबकून जाईल. सीलंट त्यानंतर भरा.