मदत हवी आहे: डिस्क्रिप्टर (उघड्या फाइल-सॉकेटना मिळणारे क्रमांक) संपल्यावर अ‍ॅक्सेप्टचं (नवं कनेक्शन स्वीकारणाऱ्या कॉलचं) काय करायचं?

लिनक्सवर सी मध्ये टीसीपी सर्व्हर लिहितोय. लिसनिंग सॉकेट (नवी कनेक्शनं येतात तो) एपोलवर, म्हणजे सॉकेटवर काही घडलं की कळवणाऱ्या लिनक्सच्या सोयीवर; तीही लेव्हल-ट्रिगर्ड, म्हणजे काम शिल्लक असेपर्यंत पुन्हा पुन्हा कळवणारी. डिस्क्रिप्टरची १०२४ ची मर्यादा गाठली की अ‍ॅक्सेप्ट ईएमफाइल (प्रोसेसचे डिस्क्रिप्टर संपल्याची एरर) देतं, पण कनेक्शन रांगेतच राहतं. त्यामुळे एपोल-वेट (घटनेची वाट पाहणारा कॉल) लगेच परततं, पुन्हा तीच एरर, आणि सीपीयू १०० टक्के! मर्यादा वाढवणं म्हणजे दुखणं पुढे ढकलणं.

जुनी युक्ती माहीत आहे: डेव्ह-नल (लिहिलेलं सगळं टाकून देणारी खास फाइल) उघडून एक डिस्क्रिप्टर राखून ठेवायचा, वेळ आली की तो सोडून अ‍ॅक्सेप्ट, लगेच क्लोज, आणि डेव्ह-नल पुन्हा उघडायचं. पण माझ्याकडे थ्रेड अनेक आहेत. मोकळा झालेला डिस्क्रिप्टर मधल्यामधे दुसऱ्याच थ्रेडने पळवला तर? प्रत्येक ओपनभोवती लॉक घालणं जिवावर येतं. त्यापेक्षा लिसनिंग सॉकेट थोडा वेळ एपोलमधून काढून ठेवावा का? आणि परत कधी घालायचा, हे तुम्ही कशावरून ठरवता?